पीव्हीसी पाइपचा घरगुती ओव्हरफ्लो : एका पावसाळ्यानंतरचं मत

मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला भोक न पाडता खाली संप (म्हणजे दुसरी टाकी, जिथे पाणी साफ होऊन पंपाने परत वर जातं) जोडायचा असेल, तर हार्डवेअरच्या दुकानातल्या पाइपांचा ओव्हरफ्लो (वरचं पाणी आपोआप संपमध्ये नेणारी रचना) बिनधास्त करावा, असं माझं मत झालंय. पावसाळा सरेपर्यंत मी ते मुद्दाम लिहिलं नाही. आमच्या रत्नागिरीत जून-जुलैत लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो, आणि ओव्हरफ्लोची परीक्षा नेमकी तेव्हाच होते.

माझी टाकी ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण अडीचशे लिटरची. आत क्लाउनफिशची जोडी, दोन डॅमसेल मासे, गोगलगायी आणि दगड. प्रवाळ नाहीत, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण आहे आणि ते तसंच असावं. टाकी भरून चालू होती, त्यामुळे ड्रिल लावायचा प्रश्नच नव्हता. (काच टफन्ड असेल तर रिकाम्या टाकीलाही ड्रिल लावू नका, पूर्ण काच भुगा होते.) पण पृष्ठभागावर तेलकट साय धरायची. ओव्हरफ्लो पाणी वरूनच उचलतो, त्यामुळे ती साय संपमध्ये जाते आणि तिथला स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) तिचा निकाल लावतो.

रचना सोपी आहे. सगळा पाइप एक इंची. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीला एक उभं तोंड, त्याला करवतीने पाडलेल्या खाचा. तिथून पाइप खाली जातो, दोन एल्बो (काटकोनी जोड) घेऊन वळतो, वर येऊन काठावरून बाहेर पडतो, टाकीमागे खाली उतरतो, पुन्हा दोन एल्बो घेऊन वर चढतो आणि टीला (तीन तोंडांच्या जोडाला) मिळतो. टीच्या वरच्या तोंडातून हवा, आडव्या तोंडातून पाणी संपकडे. हा टी आतल्या तोंडापेक्षा दीडेक इंच खाली हवा. या फरकावरच पाणी ओढलं जातं. फरक कमी ठेवला तर धार मंदावते.

काठावरच्या वळणातली हवा काढायला तिथे बारीक भोक पाडून एअरलाइनची (हवेची बारीक) नळी बसवायची, तिला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावायचा आणि नळीने हवा ओढून घ्यायची. पाणी वर चढलं की सायफन सुरू, म्हणजे भरलेल्या पाइपातून पाणी काठ ओलांडून आपोआप वाहतं. आतल्या वळणापासून बाहेरच्या वळणापर्यंतचा प्रत्येक सांधा सॉल्व्हंट लावून हवाबंद करा. सुईएवढी फट राहिली तरी हवा आत शिरते. खाचांचं तोंड आणि टीचं झाकण मात्र नुसतं दाबून बसवा, दोन्ही धुवायला काढावी लागतात. सिलिकॉनवर विसंबू नका. काचेला ते घट्ट धरतं, पीव्हीसीला तितकं नाही.

आता मुख्य गोष्ट. लाइट गेली की पंप थांबतो, टाकीचं पाणी आतल्या तोंडाच्या काठापर्यंत उतरतं आणि तिथेच थांबतं. आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वळणांत पाणी साठून राहतं, म्हणून मधला सायफन तुटत नाही. लाइट आली, पंपाने पातळी चढवली की ओव्हरफ्लो आपोआप वाहू लागतो. मी शाळेत कामावर असताना दुपारी हे कितीदा झालं असेल. घरी आल्यावर फरशी कोरडी. एवढ्यासाठी मी याला पूर्ण गुण देते.

खरा धोका बुडबुड्यांचा. धार मंद असली की बुडबुडे वाहून न जाता वरच्या वळणात साठतात आणि शेवटी सायफन तुटतो. म्हणून ‘मोठा पाइप म्हणजे जास्त सुरक्षित’ हे इथे लागू होत नाही. माझा पंप चार फूट चढावर तासाला हजारेक लिटर देतो, त्याला एक इंची पाइप जमतो. दीड इंचीत हीच धार सुस्त पडली असती. शिवाय वळणावरची एअरलाइन मी टाकीतल्या पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) व्हेंच्युरीला, म्हणजे हवा ओढणाऱ्या तोंडाला, जोडली आहे. तो हवा सतत ओढत राहतो.

तरीही सायफन तुटलाच तर? याचं उत्तर संपच्या मापात आहे. माझ्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे साधारण १४ लिटर. काठाखाली मी इंचभर जागा मोकळी ठेवते आणि संपमधल्या पंपाच्या कप्प्यात १२ लिटरपेक्षा जास्त पाणी ठेवत नाही. ओव्हरफ्लो बंद पडला तर पंप तेवढंच वर टाकेल, मग कोरडा पडेल. पंप जाईल, पण हॉलमध्ये खारं पाणी येणार नाही. उलट बाजूने, लाइट गेल्यावर वरून उतरणारं पाणी मावेल एवढी जागा संपमध्येही हवी. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय करवत हातात घेऊ नका.

तक्रारी आहेतच. पहिल्या आठवड्यात टी एवढा घुरघुरायचा की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवायच्या. झाकणाला बारीक भोक पाडून ते हळूहळू मोठं करत गेले, तेव्हा आवाज मिटला. भोक फार मोठं झालं तर पुन्हा खळखळ सुरू होते. पांढरा पाइप दिसायला वाईट दिसतो. आतला भाग शेवाळाने झाकला जातो, मागचा नाही. गोगलगायी खाचांपर्यंत चढतात, म्हणून रोज नजर टाकावी लागते.

तयार अ‍ॅक्रिलिक ओव्हरफ्लो डबा याहून देखणा असतो, हे मान्य. पण इथे येईपर्यंत तो महाग पडतो, आणि त्याचा एखादा भाग तुटला तर वाट बघत बसावं लागतं. माझं सगळं सामान हजाराच्या आत आलं. दुकानदार ‘ताई, मोटरला लावायचंय का?’ म्हणत होता. टाकीचं चित्र काढून दाखवलं तेव्हा त्यानेच पाइप मापात कापून दिला.

नवी टाकी बनवून घेत असाल तर मात्र भोक पाडून टँक निपलच (भोकात बसणारा पाइपचा जोड) बसवून घ्या, आणि एकाऐवजी दोन पाइप ठेवा, दुसरा अडीअडचणीला. आणि कुठलाही मार्ग घेतलात तरी बॉल व्हॉल्व्ह (पाइप बंद-चालू करायची चावी) पितळी घेऊ नका. पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात ते सुटलं की गोगलगायी, कोळंबी जगत नाहीत. प्लास्टिकचाच मागा, आणि त्याचे स्क्रू धातूचे नाहीत ना, हे दुकानातच बघून घ्या.