हिपॅटायटिस बी: इंजेक्शन की रोजची गोळी?

यकृताच्या या विषाणूजन्य आजारावर पेगिलेटेड इंटरफेरॉन (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध) आठवड्यातून एकदा टोचायचं, साधारण 48 आठवडे. मुदत ठरलेली, हीच त्याची जमेची बाजू. पण ताप, अंगदुखी, पांढऱ्या पेशी कमी होणं, नैराश्यसुद्धा. आणि गुण थोड्यांनाच येतो. सिऱ्होसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) बळावलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना ते देत नाहीत.

टेनोफोविर किंवा एन्टेकाविरची गोळी रोज एक. (एन्टेकाविर उपाशीपोटी, हे हमखास विसरलं जातं.) विषाणूची वाढ थांबते, पण यकृतातल्या पेशींच्या केंद्रकात त्याचा डीएनए दबा धरून राहतो. म्हणून गोळी वर्षानुवर्षं चालते. मनाने बंद केली तर आजार उसळून यकृत निकामीही होऊ शकतं. टेनोफोविरवर मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून हवीच.

बहुतेकांसाठी मला गोळीच बरी वाटते.