फौजींचं पोस्टल मतदान (ईटीपीबीएस): जातं ऑनलाईन, येतं पोस्टमनच्या भरवशावर

रेटिंग: फौजींसाठी साडेतीन स्टार. परदेशातल्या लोकांसाठी एक, तोही जिवावर येऊन दिलाय.

दादा आर्मीत, पोस्टिंग वर जम्मूकडं, पण नाव साताऱ्याच्या यादीत सर्व्हिस व्होटर, म्हणजे नोकरीमुळे बाहेर असलेला फौजी मतदार म्हणून. आधी मतपत्रिका छापून पोस्टाने युनिटला जायची, तिथनं भरून परत यायची, तोवर इकडं गुलाल उधळून झालेला असायचा. 2014 च्या लोकसभेला नोंदणी केलेल्या जवानांपैकी जेमतेम 4 टक्के मतं परत आली होती म्हणे, आता बोला. मग 2016 ला नियम बदलला, सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेच्या मदतीने निवडणूक आयोगाने ही ईटीपीबीएस, म्हणजे मतपत्रिका ऑनलाईन पाठवून पोस्टाने परत घ्यायची सिस्टीम आणली आणि 2019 ला 18 लाख सर्व्हिस व्होटरपैकी 10 लाख 84 हजारांची मतं आली, म्हणजे 60 टक्के. साडेतीन स्टार त्याचेच.

दादाने सांगितलं ते असं, उमेदवारी मागे घ्यायची मुदत संपली की लगेच मतपत्रिका ऑनलाईन येते, ओटीपी टाकून डाऊनलोड करायची, पिन टाकून उघडायची, प्रिंट काढायची, मत नोंदवून आतल्या पाकिटात घालायची, सोबत फॉर्म 13ए चं डिक्लेरेशन, त्यावर आपली सही आणि ऑफिसरची पण, मग सगळं बाहेरच्या पाकिटात. तिकीट लावायला लागत नाही. पाकिटावर क्यूआर कोड असतो, मोजणीच्या वेळी तो स्कॅन करतात त्यामुळे एकाची दोन पाकिटं आली तर पकडली जातात, हे मला आवडलं. पण ऑफिसरची सही राहिली की मत बाद, उमेदवार कितीही लाडका असो. आणि वरच्या पोस्टवर प्रिंटर असला तर टोनर नसतो, टोनर असला तर नेट नसतं, हा वेगळाच ताप.

खरी बोंब परतीची आहे. मोजणीच्या दिवशी सकाळी 8 च्या आत पाकीट पोचलं तरच मत धरतात. 2024 च्या लोकसभेला टेन्शन नव्हतं, साताऱ्याचं मतदान 7 मे ला आणि निकाल 4 जूनला, पाकीट रमतगमत आलं तरी चालतंय. त्याच वर्षी विधानसभेला मात्र 4 नोव्हेंबरला माघार आणि 23 ला मोजणी, त्यात डाऊनलोड, सह्या, बर्फ, पोस्ट सगळं बसवायचं! दादाचं पोचलं का नाही हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही, त्याला ना मेसेज ना काही. अहो साधं कुरिअर कुठवर आलं ते मोबाईलवर दिसतं, मताचं का नाही?

आता तो एक स्टार. आत्तेभाऊ दुबईला, पासपोर्ट आपलाच. फॉर्म 6ए भरून नाव लागतं गावच्या यादीत, 2011 पासून ही सोय आहे, पण मत द्यायला ओरिजिनल पासपोर्ट घेऊन स्वतः गावच्या बूथवर उभं राहायचं. एका मतासाठी विमानाचं तिकीट कोण काढणार? 2024 ला देशभरात 1 लाख 19 हजार परदेशस्थ मतदार यादीत होते, मत दिलं 2,958 जणांनी, त्यातले 2,670 एकट्या केरळचे. आपल्या महाराष्ट्रात 5,097 पैकी 17. सतरा! आणि गंमत बघा, तिकडं वकिलातीत नोकरीला असलेल्या सरकारी माणसाला फॉर्म 3 भरून हीच ईटीपीबीएस मिळते, त्याच देशात घाम गाळणाऱ्या आमच्या आत्तेभावाला नाही. परदेशातल्यांना प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत टाकणारा माणूस नेमू देणारं बिल 2018 ला लोकसभेत पास झालं, राज्यसभेत अडकून बाद झालं. 2020 ला आयोगाने आम्ही ही सिस्टीम एनआरआयना द्यायला तयार आहोत असं सरकारला कळवलं, आणि गाडी तिथंच उभी.

फौजींच्या घरच्यांना एक सांगतो, पोस्टाचा भरवसा नसेल तर फॉर्म 13एफ भरून आपल्या मतदारसंघात राहणारा प्रॉक्सी नेमता येतो, पण मग पोस्टल मत मिळत नाही, दोन्हीतलं एकच. सुट्टीवर असताना नोटरीपुढे सही केली तरी चालते, रद्द करेपर्यंत कायम राहतो. आमच्या शेजारचे काका मुलाचं मत असंच टाकतात, स्वतःची शाई डाव्या तर्जनीला आणि मुलाची मधल्या बोटाला, दिवसभर दोन्ही बोटं दाखवत फिरतात. दादा पुढच्या सुट्टीत वहिनीच्या नावाने करणार आहे. वहिनी तयार आहे, फक्त तो सांगेल त्यालाच बटण दाबणार का, यावर अजून बोलणी चालू आहेत.