माइकची केबल, डीएमएक्स केबल की कॅट-५?

एलईडी पार (रंगमंचाचे एलईडी लाइट) घेऊन झाले की संस्थेचे पैसे संपतात आणि केबलसाठी माइकच्या जुन्या वायरी बाहेर निघतात. तीन पिनांचा एक्सएलआर प्लग तोच, बसतोही घट्ट. मीही तेच करायचो. एका प्रयोगात तिसरी घंटा झाली, काळोख झाला आणि मागच्या बारवरचे तीन पार आपोआप लुकलुकायला लागले. तालमीत चार पार होते, प्रयोगाला चौदा.

डीएमएक्सचा, म्हणजे लाइट बोर्डाकडून लाइटांना हुकूम नेणारा, सिग्नल सेकंदाला अडीच लाख बिट्सने धावतो. त्याला साधारण 120 ओहम इम्पीडन्सची (धावत्या सिग्नलला होणाऱ्या विरोधाची) केबल लागते, माइकच्या केबलचा इम्पीडन्स बराच कमी असतो. शिवाय एकातून दुसऱ्यात जोडलेल्या लाइटांच्या माळेचं शेवटचं टोक मोकळं असेल, तर सिग्नल तिथून उलटा फिरतो, रिकाम्या हॉलमध्ये टाळी घुमावी तसा. मग लाइट चुकीचं वाचतात. टर्मिनेटर हा प्रतिध्वनी गिळतो: मेल प्लगमध्ये पिन 2 आणि 3 च्या मधे 120 ओहमचा रेझिस्टर, पिन 1 मोकळी. शेवटच्या लाइटच्या ‘आउट’मध्ये तो लावायचा. रेझिस्टर रुपया-दोन रुपयांचा. केबल कुठलीही घ्या, हा हवाच.

दौरे करणाऱ्यांनी डीएमएक्स केबलच घ्यावी. महाग आहे, पण रोज गुंडाळली-उलगडली तरी टिकते. कॅट-५ई, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची केबल, तिचा इम्पीडन्स 100 ओहम, सिग्नल उत्तम जातो आणि स्वस्तही पडते. मात्र तिच्यातली सलग तांब्याची तार रोजच्या गुंडाळण्याने तुटते, म्हणून ती नाट्यगृहात भिंतीतून कायमची टाकायला. दोन्ही डेटा तारा एकाच पिळलेल्या जोडीतल्या घ्या. माइकची केबल चार-पाच लाइटांना, जवळच्या जवळ, अडल्या वेळी.

जमेल तर पाच पिनांचे प्लग घ्या, डीएमएक्सच्या स्टँडर्डमध्ये तेच आहेत. तीन पिनांची वायर विंगेतल्या अंधारात आवाजाच्या मिक्सरला लागली, तर फँटमचे (मिक्सर माइकला पुरवतो त्या विजेचे) 48 व्होल्ट थेट लाइटात जातात.

एका माळेत 32 लाइटांपेक्षा जास्त नकोत. फाटा हवा असेल तर स्प्लिटर (सिग्नल वाटून देणारा डबा) घ्या; वायरीला वायर जोडून वाय (Y) करू नका.

प्रयोगाच्या सकाळी मी लाइट न लावता सगळ्या केबल एकमेकींना जोडतो, टोकाला टर्मिनेटर आणि दुसऱ्या टोकाला पिन 2-3 वर मीटर. 120 च्या थोडा वर आकडा दिसला की एकेक प्लग हलवून बघतो. आकडा उडाला, तर तिथलं सोल्डर सुटलंय.