रोड बाईकला पेडल कोणतं घ्यावं: फ्लॅट की क्लीटवालं?

नवी रोड बाईक घरी येते तेव्हा तिला बरेचदा पेडल नसतंच, नाहीतर तात्पुरतं म्हणून लावलेलं प्लॅस्टिकचं हलकंफुलकं पेडल असतं. मग दुकानदारापासून रविवारच्या राईडमधल्या मुरलेल्या मंडळींपर्यंत सगळे एकच सांगतात: क्लीट घे, स्पीड वाढेल. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला लावलेला, पेडलमध्ये अडकणारा छोटा तुकडा; फ्लॅट म्हणजे नुसता पाय ठेवायचं साधं पेडल. मला हा सल्ला पटत नाही. स्पीडचा विचार नंतर करता येतो. आधी बघायचं ते हे, की तुमच्या रोजच्या रस्त्यावर पाय किती वेळा खाली टेकवावा लागतो.

तरी स्पीडचा मुद्दा निकालात काढू, कारण पैसे त्याच नावाने खर्च होतात. क्लीटमुळे पाय पेडलला जोडलेला राहतो, म्हणून वर येणाऱ्या पायानेही ओढता येतं आणि दुप्पट ताकद लावता येते, असा समज आहे. प्रत्यक्षात सराईत रायडरही एका लयीत चालवताना पेडल वर ओढत नाही. वर येणारा पाय दुसऱ्या पायाला ओझं होणार नाही, एवढंच तो बघतो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पेडल वर ओढायला लावलं, तर तेवढ्याच कामाला त्यांची जास्त ऊर्जा खर्च झाली. त्यामुळे नुसतं पेडल बदलून सिंहगडाच्या चढावर तुमची वेळ एकदम खाली येईल, ही आशा ठेवू नका.

क्लीटचा खरा फायदा वेगळाच आहे. उभं राहून जोर लावताना, मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे मारताना किंवा खराब पॅचवर सायकल दणके खात असताना पाय जागचा हलत नाही. पावसात ओल्या पेडलवरून बूट सरकत नाही. शिवाय तीन-चार तासांनी थकल्यावर पाऊल हळूहळू पुढे-मागे होतं, दर थोड्या वेळाने ते नीट करावं लागतं, तो त्रासही संपतो. लांब अंतर चालवणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आता शहरातली सकाळ बघा. स्वारगेटहून कात्रजकडे निघालात की सिग्नल, मध्येच वळणारी रिक्षा, बीआरटीच्या बस-लेनच्या कडेचा खड्डा, अचानक आडवा आलेला माणूस. इथे ब्रेक दाबल्यावर पाय त्याच क्षणी जमिनीवर यायला हवा. क्लीटमधून पाय काढायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवावी लागते. सवयीने ही हालचाल आपोआप होते, पण सवय लागेपर्यंतचे आठवडे याच ट्रॅफिकमध्ये काढायचे असतात. रोज ऑफिसला जाणार असाल आणि रविवारी तीस-चाळीस किलोमीटर एवढीच हौस असेल, तर फ्लॅट घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका.

फक्त फ्लॅट चांगलं घ्या. सोबत मिळालेलं गुळगुळीत पेडल पावसात साबणासारखं निसटतं. रुंद बैठकीचं, दोन्ही बाजूंना छोटे पिन असलेलं पेडल वेगळाच अनुभव देतं. त्यावर धावण्याचे गुबगुबीत बूट नकोत, कारण जोर आधी त्या मऊ सोलमध्ये मुरतो. सपाट, थोड्या कडक तळाचे बूट घाला. पिनचा एक तोटा मात्र खरा आहे: पाय निसटला तर नडगी सोलून निघते.

क्लीटच घ्यायचं ठरलं, तर खरी निवड पुढे आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. क्लीट दोन जातींचे असतात. लूक या फ्रेंच कंपनीने स्कीच्या बाइंडिंगवरून सुचलेलं पेडल 1984 मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो ते वापरून तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला. तीन स्क्रूंचा, मोठा, प्लॅस्टिकचा क्लीट ही त्याच घराण्यातली जात. शिमानो या जपानी कंपनीचं एसपीडी-एसएल याच पठडीतलं. दुसरी जात दोन स्क्रूंची, शिमानोचंच साधं एसपीडी. ती माउंटन बाईकसाठी निघाली, कारण तिथे उतरून चालावं लागतं. हा क्लीट लहान, धातूचा आणि बुटाच्या तळातल्या खाचेत बसणारा.

तीन स्क्रूंचा क्लीट पाऊल रुंद आणि पक्कं धरतो, रेसिंगला तोच बरा. पण तो बुटाच्या बाहेर येतो. मिसळ खायला थांबलात की हॉटेलच्या फरशीवर बदकासारखं चालायचं आणि ओल्या टाइलवर जीव मुठीत धरायचा. प्रत्येक पावलागणिक क्लीट झिजतो. पेडल एकाच बाजूने लागतं, म्हणून सिग्नल सुटल्यावर ते पायाने शोधावं लागतं.

साध्या एसपीडीचं बरंच काही आपल्या रस्त्यांना मानवतं. बूट घालून नीट चालता येतं आणि पीडी-एम520सारखं पेडल दोन्ही बाजूंनी लागतं. बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, जायचा विचार असेल तर मी डोळे झाकून हेच सांगेन. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) उतरणं, खाणं, पाणी भरणं, पंक्चर काढणं सगळं त्याच वेळात बसवायचं असतं. कोकणातल्या पावसात एक अडचण येते: लाल चिखलात पाय टेकवला की चिखल क्लीटच्या खाचेत जाऊन बसतो आणि पेडल लागेनासं होतं. काडीने तो टोकरून काढावा लागतो.

मधली वाटही आहे. पीडी-ईएच500सारख्या पेडलची एक बाजू फ्लॅट असते, दुसरी एसपीडी. आठवडाभर साध्या बुटांनी ऑफिस, रविवारी क्लीट. शहरात राहून लांबच्या राईडची आवड लागलेल्या माणसाला माझ्या मते ही सगळ्यात शहाणी खरेदी.

गुडघ्याकडे दुर्लक्ष करू नका. फ्लॅटवर पाऊल आपली जागा स्वतः शोधतं, क्लीटमध्ये ते तुम्ही लावलेल्या कोनात तासन्‌तास राहतं. म्हणून सुरुवातीला थोडी मोकळीक देणारा क्लीट हवा. एसपीडी-एसएलमध्ये पिवळा 6 अंश मोकळीक देतो, निळा 2 आणि लाल अजिबात नाही. नवख्याने पिवळाच घ्यावा. आठवड्याभरानंतरही गुडघा आतून किंवा बाहेरून दुखत असेल, तर सहन करत बसू नका, क्लीटचा कोन तपासून घ्या.

सराव भिंतीला धरून करा: एक पाय लावायचा, काढायचा, मग दुसरा. पेडलची स्प्रिंग ॲलन कीने (षटकोनी चावीने) अगदी सैल करून ठेवा. रस्त्यावर डावा पाय आधी सोडायची सवय लावा, म्हणजे तोल गेलाच तर कडेकडे जाईल, ट्रकच्या बाजूला नाही. थांबण्याच्या बरंच आधी पाय मोकळा करा.

पेडल घरीच बसवणार असाल तर आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होतं. जोर लावून क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटे खराब करू नका. पहिल्या राईडनंतर क्लीटचे स्क्रू पुन्हा आवळा. दोन स्क्रूंच्या क्लीटचा एक स्क्रू जरी गळून पडला तरी टाच फिरवल्यावर बूट क्लीटवरच फिरतो आणि पाय पेडलमधून सुटतच नाही. पावसाळ्यात तर हे स्क्रू दर काही राईडनंतर बघाच, कारण गंज चढला की ॲलन की धरत नाही आणि झिजलेला क्लीट बदलणं मोठं काम होऊन बसतं.