बेलफास्टच्या भिंती, काळ्या टॅक्सीतून

लेक डब्लिनला असते. तिने बेलफास्टची काळ्या टॅक्सीची फेरी बुक केली तेव्हा मी कुरकुरलेच. रंगवलेल्या भिंती बघायला बसने दोन तास कोण जातं? पण तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय, पाय निघाला.

उत्तर आयर्लंडच्या या शहराचे दोन भाग: एकीकडे आयर्लंडमध्ये जायचंय असे कॅथलिक, दुसरीकडे ब्रिटनसोबतच राहायचंय असे प्रोटेस्टंट. कॅथलिकांच्या फॉल्स रोडवर, त्यांच्या शिन फेन या पक्षाच्या ऑफिसच्या भिंतीवर बॉबी सँड्स आहे, ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा. लांब केस, आणि चक्क हसतोय. 27 वर्षांचा पोरगा. तुरुंगात 66 दिवस उपोषण करून 5 मे 1981 ला गेला. उपोषण चालू असतानाच खासदार म्हणून निवडून आला होता! त्याच्यामागून आणखी नऊ जण गेले. मी ड्रायव्हरला म्हटलं, आमचा क्रांतिकारक जतींद्रनाथ दास 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात 63 दिवसांच्या उपोषणाने गेला, तेव्हा तुमच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या टेरेन्स मॅकस्विनीच्या घरच्यांची तार आली होती. मॅकस्विनी स्वतः 1920 मध्ये 74 दिवसांच्या उपोषणात गेलेला. ड्रायव्हरला मॅकस्विनी तोंडपाठ, दास ऐकूनही माहीत नाही. गाडी बाजूला घेऊन त्याने नाव लिहून घेतलं, सिगारेटच्या पाकिटावर.

पुढे गल्लीची पाटी वाचून मी दोनदा चष्मा पुसला. बॉम्बे स्ट्रीट! ऑगस्ट 1969 च्या दंगलीत कॅथलिकांची ही गल्ली जाळली गेली होती. आता घरांच्या मागे दोन्ही वस्त्या वेगळ्या ठेवणारी उंचच उंच भिंत आहे आणि परसावर तारेची जाळी, पलीकडून काही येऊन पडू नये म्हणून. जाळीखाली कुणाचे तरी टॉवेल वाळत होते. हे कुठल्याही चित्रापेक्षा जास्त लक्षात राहिलं.

या वेगळं ठेवणाऱ्या भिंतीवर सही करायला ड्रायव्हरने मार्कर दिला. सिंहगडावर नावं कोरणाऱ्यांना आयुष्यभर शिव्या घातलेली मी, मला काही हात उचलेना. लेकीने केली.

तक्रार एकच, पण मोठी. फॉल्सच्या बाजूला आम्ही तासभर रमलो आणि भिंतीपलीकडच्या प्रोटेस्टंटांच्या शँकिलला जेमतेम दहा मिनिटं. तिथे प्रोटेस्टंट राजा तिसरा विल्यम घोड्यावर आहे, कॅथलिक राजाला हरवलं त्या 1690 च्या बॉयनच्या लढाईतला. शिवाय बुरखाधारी बंदूकवाले. तिकडच्या लोकांनी असली चित्रं का जपली, हे विचारलं तर 'त्यांचा त्यांचा इतिहास' म्हणून गिअर टाकला. ड्रायव्हर कुठल्या बाजूचा, ते सांगायला लागलं नाही. वर्गात मी असा धडा उरकला असता तर मुलांनीच टोकलं असतं. म्हणून पाचातले साडेतीन.

बुक करताना 'दोन्ही बाजूंना सारखा वेळ' असं आधीच ठरवून घ्या. पावसात काचेतून काही दिसत नाही, छत्री घेऊन उतराच. आणि ड्रायव्हरकडे पाठ असलेल्या घडीच्या सीटवर बसू नका, मला सँड्सच्या चित्राजवळच्या सेवास्तोपोल स्ट्रीटपासून मळमळत होतं.