पूलमधलं शेवाळ जात नसेल तर आधी हे टेस्ट किट घ्या (टेलर के-२००६)

घरी पूल आहे म्हणलं की लोकांना वाटतं काय मज्जा आहे, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनाच माहिती तो काय ताप असतो. आमचा पूल नाशिकला गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात आहे, २० बाय १० फूट, खोली सरासरी ४ फूट, म्हणजे साडेबावीस हजार लिटरच्या आसपास पाणी. टाइल्सचा आहे आणि सँड फिल्टर आहे. गेल्या पावसाळ्यात हिरवा पडला तो पडलाच. भिंतीला हात लावला की बुळबुळीत, आणि पायऱ्यांच्या खाली जिथे ऊन पोचत नाही तिथे टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके, ते नखाने खरवडले तरी निघेनात.

पूल बघायला एका एजन्सीचं वर्षाचं काँट्रॅक्ट दिलेलं होतं, नाव घेत नाही. त्यांचा माणूस यायचा, दोन बाटल्यांच्या किटमध्ये पाणी भरून थेंब टाकायचा, ते मस्त पिवळंधमक व्हायचं, "क्लोरीन फुल आहे साहेब" म्हणायचा आणि वर परत क्लोरीनची टॅबलेट टाकून जायचा!! मग अल्जीसाइडची (शेवाळ मारायच्या औषधाची) बाटली, तिचं बिल वेगळं. पाणी जरा निवळायचं आणि थोड्या दिवसांनी परत मटकीच्या पाण्यासारखं. आता क्लोरीन फुल आहे तर शेवाळ वाढतंय कसं, हे विचारलं की "पावसाळा आहे ना साहेब" हे उत्तर ठरलेलं.

आमच्या मामांची द्राक्षबाग आहे, ते तर शेडमधून मोरचूदाची (कॉपर सल्फेटची) पिशवीच घेऊन आले, "अरे बोर्डो मारला की डावणी हटते, तुझं शेवाळ काय घेऊन बसलास" (बोर्डो म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी, डावणी हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग). म्हणलं मामा राहू द्या. मोरचूदाने शेवाळ मरतं हे खरंय, पण तांबं पाण्यातच राहतं, पीएच वर गेला की सांध्यांवर निळे-हिरवे डाग बसतात आणि ते काढणं शेवाळापेक्षा अवघड.

शेवटी हे किट मागवलं. महाग आहे, आधीच सांगतो. पण त्यात एक टेस्ट आहे जी त्या पिवळ्यावाल्या किटमध्ये नाहीच, स्टॅबिलायझरची, म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिडची. पूलचं पाणी आणि त्यांचं औषध सारखं घेऊन बाटली अर्धा मिनिट हलवायची, ते दुधाळ होतं, मग एका उभ्या नळीत हळूहळू ओतायचं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो, तो वरून दिसेनासा झाला की थांबायचं आणि आकडा वाचायचा. स्केल १०० पीपीएमपर्यंतच आहे (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) आणि आमचा ठिपका त्या खुणेच्या आधीच गायब! मग निम्मं बोअरचं पाणी मिसळून परत केली, ९० आला, म्हणजे दुप्पट करून १८०. पाहिजे ३० ते ५०.

हे येतं कुठून तर त्या टॅबलेटमधूनच. टीसीसीए ९० म्हणून ज्या मिळतात त्यात क्लोरीन असतं तसं स्टॅबिलायझरही असतं, निम्म्याहून जास्त वजन त्याचंच. २०० ग्रॅमची एक टॅबलेट आमच्या पूलमध्ये जवळजवळ ५ पीपीएम वाढवते. क्लोरीन उन्हाने उडून जातं, हे उडत नाही, साठत जातं. थोडं असलं तर चांगलंच, उन्हापासून क्लोरीन वाचवतं, पण जास्त झालं की क्लोरीनला असं धरून ठेवतं की टेस्टमध्ये दिसतं पण शेवाळाला काही करत नाही. शेवाळ मारायला स्टॅबिलायझरच्या ४० टक्के क्लोरीन लागतं, म्हणजे आमच्याकडे ७२ पीपीएम, ते कोण टाकणार! आणि स्टॅबिलायझर कमी करायला पाणी बदलण्याशिवाय खात्रीचा उपाय नाही.

मग निम्मं पाणी काढलं, भरलं, परत निम्मं काढलं, भरलं. एकदम रिकामा नाही केला कारण पावसाळ्यात जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकामा पूल खालून उचलला जातो, तडे जातात. स्टॅबिलायझर ४५ वर आलं, टॅबलेट बंद, पीएच ७.२ ला आणला (हे आधीच करा, क्लोरीन १० च्या वर गेलं की पीएचची टेस्ट खोटं बोलते) आणि ६५ टक्केवालं कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनची पावडर, आणलं. ४५ चे ४० टक्के म्हणजे १८ पीपीएम, त्याला सव्वासहाशे ग्रॅम पुरलं. संध्याकाळी टाकायचं, बादलीत आधी पाणी आणि मग पावडर, उलटं नाही. आणि टॅबलेटच्या डब्यातलं मग, चमचा काहीही यात घालू नका, ही दोन एकत्र आली की आग लागते, मी गंमत करत नाहीये.

पंप रात्रंदिवस चालू, घासणं रोज, काळ्या ठिपक्यांना तारेचा ब्रश (फायबरच्या पूलला तारेचा लावू नका), कारण वरचा थर फुटल्याशिवाय क्लोरीन आत जातच नाही. हिरवं पाणी आधी राखाडी-दुधाळ झालं, ते मेलेलं शेवाळ, फिल्टरचं प्रेशर चढलं की बॅकवॉश (उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं). क्लोरीन कमी झालं की परत १८ ला. रात्री टेस्ट करायची आणि ऊन यायच्या आत परत, रात्रभरात १ पीपीएमपेक्षा कमी उतरलं तर शेवाळ संपलं. हिरवं लवकर गेलं, काळ्या ठिपक्यांनी मात्र जाम पिदवलं. तोपर्यंत पोरांना पूलमध्ये उतरू दिलं नाही, त्यावरून घरात जे झालं ते वेगळं.

किटबद्दल तक्रारी दोन. क्लोरीनच्या टेस्टमध्ये गुलाबी रंग जाईपर्यंत थेंब मोजायचे, एक थेंब अर्धा पीपीएम, म्हणजे १८ ला ३६ थेंब, बाटली भराभर संपते आणि रिफिल लगेच मिळेलच असं नाही. आणि माहितीपत्रक सगळं इंग्रजीत, मळ्यावरच्या काकांसाठी मी झाकणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्यात, आता टेस्ट तेच करतात. बाटल्या पंपरूममध्ये ठेवू नका, उन्हाळ्यात तिथे भट्टी असते, औषधं खराब होतात.

५ पैकी ४ स्टार, एक रिफिलसाठी कापला. काँट्रॅक्ट रिन्यू केलं नाही, अल्जीसाइडच्या दोन न उघडलेल्या बाटल्या पडून आहेत, नाशिकात कुणाला पाहिजे तर घेऊन जा.