८ × ४२ ची दुर्बीण : येऊर ते खाडी, एक वर्ष

गेल्या दिवाळीत घेतलेली ८ × ४२ मापाची दुर्बीण आता वर्षभर वापरून झाली आहे. सुट्टीच्या दिवशी येऊरच्या जंगलात आणि खाडीकाठी पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्यासारख्या ठाण्यातल्या स्वयंसेवकांना पहिला मोह होतो तो दहापट किंवा त्याहून मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीचा. मलाही झाला होता. तो आवरला याचे आज समाधान आहे, तरी तक्रारी नाहीत असे नाही. निर्मात्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण साडेबारा हजार रुपयांच्या आसपासच्या, याच मापाच्या ज्या तीन-चार दुर्बिणी मी हाताळल्या त्यांत मला फारसा फरक जाणवला नाही.

यातील ८ हा आकडा किती पट मोठे दिसेल ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो. ४२ ला ८ ने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, ती ५.२५ मिलिमीटर, १० × ४२ मध्ये ती ४.२ वर येते. कागदावर किरकोळ वाटणारा हा फरक मला उमगला तो बुद्धपौर्णिमेच्या रात्री येऊरच्या पाणवठ्यावर. प्रगणनेसाठी मचाणावर बसल्यावर विजेरी लावता येत नाही, चंद्रप्रकाशावरच भागवावे लागते. पाण्यापाशी आलेली आकृती सांबराची मादी आहे हे मला तिच्या कानांवरून ठरवता आले, तर शेजारच्या सहकाऱ्याला त्याच्या दहापटीच्या दुर्बिणीतून केवळ एक काळसर ठिपका दिसत होता. (वय वाढले की अंधारातही बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, तेव्हा साठीपुढच्यांना हा लाभ कमी मिळेल.)

फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर आणि पांगारा फुलतात, तेव्हा एकाच झाडावर शिंजीर, चष्मेवाला, कोतवाल आणि साळुंक्या या पक्ष्यांची झुंबड उडते. अशा वेळी हात किंचितही हलला तर दहापटीत चित्र थरथरते आणि दृश्याचा आवाका लहान असल्याने उडालेला पक्षी हरवतो. आठपटीत तो पुन्हा सापडतो. जवळ पाहण्याची मर्यादा सुमारे दोन मीटर असल्यामुळे पावसाळ्यात फुलपाखरांच्या नोंदीही याच दुर्बिणीने झाल्या. राज्य फुलपाखराचा मान असलेला नीलवंत जवळच्या पानावर बसला, तरी मागे सरकावे लागत नाही.

दुर्बिणीचा सर्वांत उपयुक्त वापर मात्र मला निरीक्षणात नव्हे, तर संक्रांतीनंतरच्या आठवड्यात सापडला. सोसायट्यांच्या उंच झाडांवर अडकलेला मांजा जमिनीवरून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. फांद्या एकेक करून न्याहाळून आम्ही अडकलेल्या घारी आणि बगळे शोधले आणि नेमकी फांदी सांगून अग्निशमन दलाला कळवले.

खाडीवर मात्र ही दुर्बीण कमी पडते, हे स्पष्ट सांगायला हवे. २०१५ मध्ये घोषित झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य सुमारे १,६९० हेक्टरांचे आहे आणि ओहोटीला रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, दूरवरच्या चिखलावर पांगतात. गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे असलेला मोठा रोहित आणि जवळपास सगळी चोच गडद असलेला छोटा रोहित, हा भेद आठपटीत त्या अंतरावरून करता येत नाही, तुतारी आणि चिखल्या हे चिखलातले छोटे पक्षी ओळखणे तर दूरच. दुपारी चिखलावरची तापलेली हवा थरथरू लागली की चोचच काय, पायही नीट दिसत नाहीत. त्यावर एकच उपाय, तो म्हणजे भरतीची वेळ साधणे, कारण पाणी चढू लागले की पक्षी काठाकडे सरकतात. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात. अष्टमीला साधारण सहा, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकरा. हिशेब ढोबळ आहे, खाडीत आत थोडा उशीर होतो, पण ऐरोलीला जाण्यापूर्वी आम्ही तोच करतो. अचूक गणनेसाठी तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे एका डोळ्याने पाहायची, कितीतरी मोठे दाखवणारी दुर्बीणच लागते.

आपल्या दमट हवेत भिंगावर बुरशी येते, हा आणखी एक त्रास. आत नायट्रोजन भरलेला असल्याने भिंगे आतून धुरकटली नाहीत, परंतु जुलैमध्ये दुर्बीण तिच्या कापडी पिशवीत चार दिवस ओली राहिली आणि बाहेरच्या काचेच्या कडेला पांढरट जाळे दिसू लागले. दुरुस्तीसाठी नेली, तर त्या दुकानदाराने पाच आठवडे ठेवून ती जशीच्या तशी परत दिली. आता ती सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात राहते. सोबत आलेला पट्टाही अरुंद आहे. सातशे ग्रॅमच्या आसपासचे वजन दोन तासांनी मानेला जाणवते, म्हणून मी खांद्यावरून येणारा वेगळा पट्टा लावला.

चष्मा वापरणाऱ्यांनी घेण्यापूर्वी दुकानात चष्म्यासकट डोळ्याला लावून पाहावी आणि दृश्याच्या चारही कडा दिसतात का ते तपासावे. माझ्या चष्म्याला ही चालली, माझ्या बहिणीच्या जाड भिंगाला चालली नाही.